बेदाणा, नारिंग आणि थंडीची रात्र

दहा-बारा वर्षांपूर्वी मी तासगाव तालुक्यातल्या एका शाळेत शिकवत होतो. डिसेंबरचे दिवस होते. पहिला तास मराठीचा, आणि तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा वहीवर डोकं टेकून गाढ झोपलेला. सलग तिसऱ्या दिवशी. मी त्याला उठवून उभं केलं. जवळ गेलो तर त्याच्या स्वेटरला धुराचा वास येत होता.

"रात्री कुठं होतास?"

"बागेत, सर. शेकोट्या पेटवायला."

वर्ग हसला. मीही हसलो, आणि तास संपेपर्यंत त्याला उभंच ठेवलं. बी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात मला चांगले गुण होते, हे इथे सांगितलेलं बरं.

दोन दिवसांनी त्याचे वडील बाजारात भेटले. रागावले वगैरे काही नाहीत. म्हणाले, "सर, एकदा बागेकडं या." मी गेलो. द्राक्षाची बाग. मांडवाखाली हिरवे, अजून आंबट, वाटाण्याएवढे मणी. ओळींच्या मधे ठिकठिकाणी राखेचे ढीग. उसाचं पाचट, शेणी, ओला काडीकचरा, जे मिळेल ते. पहाटे दोन-तीनच्या पुढे थंडी वाढते, म्हणून घरातल्या प्रत्येकाला ओळी वाटून दिलेल्या होत्या. पोराच्या वाट्याला बांधाकडच्या चार ओळी आल्या होत्या.

"झाडाला थंडीचं काही नाही सर," ते म्हणाले, "मण्याला आहे. मणी फुगायचा थांबतो, नाहीतर तडकतो. मग वर्षाचं गेलं."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मी उर्दू आणि मराठीचा मास्तर, शेतीतला नाही. पण शब्दांच्या मागे लागायची खोड आहे, आणि शब्दांच्या मागे लागलं की माणूस इतिहासात जाऊन पडतो.

आधी तासगावचा सगळ्यांत ओळखीचा शब्द घेऊ: बेदाणा. मराठीत बेदाणा म्हणजे वाळवलेलं बिनबियांचं द्राक्ष. हा शब्द सरळ फारसी आहे. 'बे' म्हणजे विना आणि 'दाना' म्हणजे दाणा, बी. बे-दाना, बिनबियांचा. बेकार, बेशिस्त, बेइमान यांच्याच रांगेतला, फक्त गोड. जातीचं नाव होतं ते आपल्याकडे वाळवलेल्या मालाचं नाव झालं. ज्या थॉम्पसन सीडलेसवर आपल्या बागा उभ्या राहिल्या, त्याचं नाव एकोणिसाव्या शतकातल्या कॅलिफोर्नियातल्या एका बागायतदारावरून पडलं. पण वेल मूळची इराण-तुर्कस्तानकडची, तिकडे तिला किशमिश म्हणतात, सुलताना म्हणतात. याच थॉम्पसनमधून तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवड करून 'तास-ए-गणेश' ही जात काढली. तासगावचा 'तास', गणपतीचा 'गणेश', आणि मधे फारसी इजाफतीसारखा दिसणारा 'ए'. आमच्या वर्गात इजाफत शिकवताना मी हे उदाहरण देतो. व्याकरणात ते बसत नाही, पण पोरांना इजाफत मात्र पक्की लक्षात राहते.

आता थंडीकडे. द्राक्षाची वेल मुळात थंडीला भिणारी नाही. तिच्या मायदेशात ती हिवाळ्यात पानं गाळते आणि झोपते. झोपलेल्या वेलीला बरीच थंडी सोसते. थंडी हाडं फोडणारी असेल तर माणसं तिला मांडवावरून उतरवून मातीत पुरतात. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडचे लोक हिवाळ्यात वेली मातीखाली झाकतात, हे स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. आजही चीनच्या शिनजियांगमध्ये, तुर्फानच्या उइगूर गावांत, हिवाळा तोंडावर आला की हेच चालतं. वेल सोडवायची, गुंडाळायची, चरात ठेवायची, वर माती ओढायची. वसंतात पुन्हा उकरून काढायची.

आपल्या दख्खनमध्ये मात्र ही वेल झोपतच नाही. इब्न बतूता दौलताबादला आला होता, चौदाव्या शतकात, मुहम्मद बिन तुघलकाच्या काळात. तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं त्याने नोंदवलंय. तो तांजियरहून निघालेला, इराण, तुर्कस्तान, मध्य आशिया पालथा घातलेला माणूस. द्राक्षं त्याने पोटभर पाहिली होती. त्याला नवल वाटलं असेल ते या 'दोनदा'चंच. आज आपले बागायतदार वर्षातून दोन छाटण्या घेतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. पीक मात्र एकच धरतात. ऑक्टोबरनंतर वेल फुटते, फुलते, आणि ऐन डिसेंबर-जानेवारीत तिच्या अंगावर कोवळा माल असतो. जी वेल समरकंदला बर्फाखाली घोरत पडली असती, ती इथे त्याच महिन्यात लेकुरवाळी असते. म्हणून सांगली जिल्ह्यातली आठ-दहा अंशांची थंडी, जी तिकडच्या माणसाला वसंत ऋतू वाटेल, तिला बाधते. नाशिककडे निफाडला पारा पाचाच्या खाली जातो तेव्हा तर तिथल्या बागायतदारांची झोपच उडते.

त्या वडिलांचं म्हणणं असं शब्दशः खरं होतं. वेल दणकट आहे. आपण तिला जागं ठेवलंय, म्हणून ती नाजूक झाली.

आणि शेकोटी? तीही आजची युक्ती नाही. थंडीची भीती असेल तेव्हा मळ्यात छाटलेल्या काड्या, भुसा, उपटलेलं तण जाळा, धूर हाच उपाय, असं प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात लिहिलंय. आपल्याकडच्या शेतकऱ्याने प्लिनी वाचलेला नव्हता. थंडी सगळ्यांना एकच धडा शिकवते, एवढंच. फक्त यात एक गंमत आहे. धूर हे पांघरूण आहे असं आपण समजतो, पण धुराचा स्वतःचा उपयोग थोडा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीची ऊब आभाळात निघून जाते आणि गार हवा खाली साचते. लहान लहान पुष्कळ शेकोट्या ही साचलेली हवा ढवळतात, थोडी तापवतात. एकच मोठा जाळ केला तर ऊब सरळ वर निघून जाते. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे पहाटे पाणी देणं, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा बरंच उबदार असतं. पण पाण्याला वीज लागते आणि शेतीची वीज तिच्या वेळेने येते. पाचटाला वीज लागत नाही.

त्या बागेतून परत येताना मला आमच्या अम्मीचं नारिंगाचं झाड आठवलं. कराडला आमच्या जुन्या घराच्या मागे होतं. आंबट फळ, लोणच्याचं. अम्मी दखनीत त्याला 'नारंगी' म्हणायची, शेजारच्या काकू 'नारिंग' म्हणायच्या, आणि लोणचं दोन्ही घरांत एकाच बरणीतून जायचं. कराडची थंडी म्हणजे प्रीतिसंगमावरचं धुकं आणि दोन महिने स्वेटर. नारिंगाला त्याचं काही नाही. पण हेच झाड पश्चिमेकडे चालत गेलं, आणि तिथे त्याला राहायला घर बांधावं लागलं.

शब्दाचा प्रवास बघा. संस्कृतात नारंग. फारसीत नारंग. अरबीत 'ग' हा उच्चार नाही म्हणून नारंज. अरबांबरोबर स्पेनमध्ये गेला आणि नारांखा झाला. पुढे फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोचेपर्यंत सुरुवातीचा 'न' गळाला आणि ऑरेंज उरला. हे आजच्या भाषाशास्त्रज्ञांनी शोधलं असं आपण समजतो, पण बाबराने आपल्या आत्मचरित्रात, हिंदुस्तानच्या फळांबद्दल लिहिताना, नेमका हाच अंदाज केलाय. बाजौर आणि स्वातचे लोक नारंग म्हणतात, तेव्हा नारंज हे त्याचं अरबी रूप असावं, असं तो म्हणतो. लढाया करता करता माणसाला व्युत्पत्ती सुचते, याचं मला फार कौतुक वाटतं.

बाबराकडे वळलोच आहोत तर त्याची एक बाग बघून पुढे जाऊ. काबूल उंचावर, सुमारे १,८०० मीटरवर, आणि हिवाळ्यात बर्फाखाली. पण काबूलहून खाली उतरलं की एका खिंडीच्या अलीकडे बर्फ पडतो आणि पलीकडे पडत नाही. तिथे झाडं वेगळी, जनावरं वेगळी, माणसांच्या रीतीही वेगळ्या, हे त्याने लिहून ठेवलंय. त्या उबदार अंगाला, आजच्या जलालाबादजवळच्या अदीनापूरला, त्याने १५०८-०९ मध्ये बाग-ए-वफा लावली. तिथे नारिंगं होती, महाळुंग होतं, डाळिंबं होती. पुढे १५२४ मध्ये लाहोर-दिपालपूरच्या मोहिमेनंतर त्याने तिथे केळी नेऊन लावल्या आणि त्या जगल्या. त्याच्या आदल्या वर्षी लावलेला ऊसही चांगला आला, त्यातला काही त्याने बुखारा आणि बदख्शानला पाठवला. बाबराने झाडाला घोंगडी गुंडाळली नाही. त्याने जागा शोधली. झाड हलवणाऱ्याचं पहिलं काम तेच: त्याच राज्यात, त्याच डोंगराच्या कुठल्या कुशीत बर्फ पडत नाही, हे हुडकणं.

इथे मला थोडं स्वतःच्या माणसांशी भांडायचं आहे. आमच्या व्हॉट्सॲप गटांवर दर महिन्याला एक मजकूर फिरतो. संत्रं, लिंबू, ऊस, कापूस, तांदूळ, पालक, वांगं, सगळं युरोपला मुसलमानांनी दिलं, असा. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या गटांवर दुसरा मजकूर फिरतो, की यांनी काहीच दिलं नाही, सगळं लुटलं. दोन्ही मजकूर लिहिणाऱ्यांनी आयुष्यात एखादं रोप जगवलं असेल का, याची मला शंका आहे.

पहिल्या मजकुराच्या मुळाशी एक गंभीर पुस्तक आहे. अँड्र्यू वॉटसन या कॅनडातल्या अर्थ-इतिहासकाराने १९८३ मध्ये ते लिहिलं. आरंभीच्या इस्लामी जगात भारताकडची उष्ण प्रदेशातली पिकं पश्चिमेकडे सरकली आणि त्यांच्याबरोबर पाटपाण्याची विद्याही गेली, असा त्याचा सिद्धान्त. २००९ मध्ये मायकेल डेकर याने त्यातली चार पिकं निवडून तपासली, आणि तांदूळ, कापूस यांसारखी पिकं त्या भागात इस्लामच्या आधीपासून होती, हे दाखवलं. म्हणजे श्रेय थोडं कमी झालं. कमी झालं तर झालं. आंबट नारिंग आणि लिंबू पश्चिमेला रुजवण्यात अरबांचा हात मोठा होता, एवढं अजूनही टिकून आहे, आणि ते थोडं नाही.

अंदलुसचा पहिला उमय्यद अमीर अब्दुर्रहमान याची खजुराची गोष्टही अशीच. आठव्या शतकात दमास्कसहून जीव वाचवून पळालेला हा तरुण. कुर्तुब्याजवळ त्याने रुसाफा नावाची बाग केली, आजोबांच्या सीरियातल्या बागेचं नाव देऊन. तिथल्या खजुराच्या झाडाला उद्देशून, आपण दोघेही परके, अशा अर्थाच्या ओळी त्याच्या नावावर आहेत. इकबालनेही 'बाल-ए-जिब्रील'मध्ये त्यांवर कविता केली, आणि शीर्षकात त्या झाडाला अंदलुसच्या भूमीतलं खजुराचं पहिलं झाड म्हटलं. मी ती कविता वर्गात घेतो तेव्हा गळा दाटतो. पण तास संपायच्या आत हेही सांगतो की प्लिनीने सातशे वर्षं आधी स्पेनच्या किनाऱ्यावरच्या खजुराची नोंद केलीय. झाड होतं, फक्त त्याचं फळ नीट पिकत नव्हतं. पहिलं झाड नव्हतं म्हणून कवितेचं काही बिघडत नाही. इतिहासाचा तास मात्र सुधारतो.

अंदलुसकडून मला अभिमानाने घ्यावासा वाटणारा माणूस दुसराच आहे. इब्न अल-अव्वाम. सेविलचा, बाराव्या शतकाच्या शेवटाकडचा. त्याच्या 'किताब अल-फिलाहा'त ५८५ वनस्पतींची माहिती आहे. त्यात नारिंग, लिंबू, केळ ही कोवळी मंडळीही आहेत. ग्रीक, रोमन, नबाती, अरब, सगळ्यांची मतं तो नावानिशी देतो. आणि आपलं स्वतःचं म्हणणं आपण वारंवार करून पाहिल्याशिवाय लिहिलेलं नाही, असं सांगतो. सेविलजवळच्या टेकड्यांवर त्याची झाडं होती. स्वतःची आणि उसनी माहिती वेगळी दाखवण्याची ही शिस्त त्या व्हॉट्सॲपवाल्या दोन्ही गटांना अजून यायची आहे.

नारिंग आणखी उत्तरेला सरकलं तेव्हा मात्र जागा शोधून भागेना. इराणच्या थंड शहरांत नारिंगाची झाडं हिवाळ्यात आडोशाला ठेवण्याच्या जागेला 'नारंजिस्तान' म्हणतात. कब्रस्तान, गुलिस्तान, तसं नारंजिस्तान. शिराझला कवाम घराण्याची एकोणिसाव्या शतकातली याच नावाची हवेली आहे, तिथे मात्र झाडं उघड्यावरच वाढतात. युरोपातल्या थंड मुलुखांत यालाच ऑरेंजरी म्हणू लागले. सतराव्या शतकात जर्मनीत हायडेलबर्गला सालोमोन दे कॉस याने जमिनीतल्या नारिंगाच्या झाडांभोवती दर शरद ऋतूत अख्खं लाकडी घर उभारायची आणि वसंतात ते पुन्हा सोडवायची सोय केली. आत भट्ट्या. काचेने हिवाळा काढण्याची कल्पना त्याहूनही जुनी. सम्राट टायबेरियसला रोज काकडी लागायची, म्हणून माळी चाकांवरचे वाफे उन्हात ओढत आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या तक्त्यांखाली ढकलत.

सगळ्यांत थोरला थाट अर्थात व्हर्सायचा. चौदाव्या लुईसाठी मांसारने १६८४ ते १६८६ मध्ये बांधलेली ऑरेंजरी दीडशे मीटरहून लांब आहे, भिंती चार-पाच मीटर जाड, खिडक्या दक्षिणेला. भट्टी नाही. नुसत्या जाडीवर ऊब टिकते. हजाराहून अधिक झाडं लाकडी पेट्यांत, ऑक्टोबरात आत आणि मे महिन्यात बाहेर. राजाचं नाव आहे, वास्तुशिल्पीचं नाव आहे. दर वर्षी दोनदा त्या पेट्या ओढणाऱ्यांची नावं मी शोधली नाहीत, कारण ती कुठे मिळतील असं वाटलं नाही.

एवढं फिरून मी घरी परत येतो, कारण हाच सगळा खेळ कराडपासून शंभरेक किलोमीटरवर, आमच्याच जिल्ह्यात झालेला आहे.

महाबळेश्वरचं गोऱ्यांचं थंड हवेचं ठाणं उभं राहिलं ते १८२९ च्या सुमारास. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम आणि सातारचे प्रतापसिंह महाराज यांच्यात जमिनीचा करार झाला, आणि बाजारपेठेला माल्कम पेठ नाव पडलं. साहेबाला थंड हवा मिळाली, आता त्याला थंड हवेची भाजी हवी होती. ती पिकवली कोणी? सिंगापूर, पेनांग, मलाक्का या ठाण्यांतून शिक्षा होऊन आलेल्या चिनी आणि मलायी कैद्यांनी. त्यांच्यासाठी तिथे तुरुंग होता. बटाटा आणि विलायती भाजी त्यांच्या हातची. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला आणि कैदी सुटले. आज त्यांची खूण एकच राहिली आहे. एका धबधब्याला अजून 'चायनामन्स फॉल' म्हणतात, कारण त्याच्याजवळ त्यांच्या बागा होत्या. माल्कमच्या नावाची पेठ, लॉडविकच्या नावाचं टोक, आणि यांना सगळ्यांना मिळून एक 'चायनामन'.

मग सिंकोना. आपण ज्याला कोयनेल म्हणतो, ते हिवतापाचं औषध या झाडाच्या सालीत असतं. झाड दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतलं, थंड पण बर्फ नसलेल्या पट्ट्यातलं. क्लेमेंट्स मार्कम याने १८६० मध्ये पेरूहून रोपं काढली. ती वॉर्डच्या पेट्यांतून निघाली. लंडनचा डॉक्टर नाथानिएल वॉर्ड एका पतंगाचा कोश बंद बाटलीत ठेवून बघत होता, तर बाटलीतल्या मातीत नेचा आणि गवत उगवलं आणि जगलं. त्यावरून त्याने काचेच्या बंद पेट्या केल्या. १८३३ मध्ये त्या सिडनीला गेल्या आणि परतताना केप हॉर्नच्या हिमातून आणि विषुववृत्ताच्या उन्हातून झाडं जिवंत आली. हिवाळा, उन्हाळा, खारा वारा, सगळं त्या पेटीने काढलं. पण मार्कमच्या पेट्यांना इजिप्त आणि तांबड्या समुद्राच्या उन्हाने गाठलं. त्याची स्वतःची रोपं निलगिरीला पोचूनही तगली नाहीत. इतरांनी आणलेली जगली, त्यावर निलगिरीचे मळे झाले.

त्या यशानंतर महाबळेश्वरलाही लिंगमळ्याला सिंकोनाची लागवड झाली. तिच्या अधिकाऱ्यासाठी तिथे बंगला बांधला. पुढच्या दशकात सगळं सोडून द्यावं लागलं. खापर पावसावर फुटलं, आणि ते बरोबरच आहे. वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि मग आठ महिने कोरडे. सिंकोनाच्या मुळांना साचलेलं पाणी चालत नाही. पण मला यात आणखी एक शंका येते, शेतीतला जाणकार नसूनही. दर हिवाळ्यात आपल्या वर्तमानपत्रांत फोटो येतो: वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात हिमकण. गवतावर, जेटीच्या फळ्यांवर, गाड्यांच्या टपांवर पांढरी साय. गंमत म्हणजे त्याच पहाटे गावातला पारा शून्याच्या बराच वर असतो. कारण तेच, तासगावच्या बागेतलं. निरभ्र रात्री गार हवा पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खोलगट जागेत साचते. १८४२ मध्ये अप्पासाहेब महाराजांनी बांधलेला वेण्णा तलाव अशाच खोलगटात आहे, लिंगमळा त्याच खोऱ्यात. हिमकणाला भिणारं झाड नेमकं तिथे लावलं गेलं. बाबराने खिंडीच्या कुठल्या अंगाला बर्फ पडतो हे आधी पाहिलं होतं.

आज त्याच पट्ट्यात स्ट्रॉबेरी आहे, २०१० पासून भौगोलिक मानांकन मिळालेली. तिच्या बाबतीत सगळं उलटं झालंय. विलायतेत स्ट्रॉबेरीचं झाड हिवाळाभर पेंढ्याखाली जपतात आणि तेच पुढच्या वर्षी फळतं. महाबळेश्वरला थंडी तिला मानवते, वैरी आहे तो पावसाळा. तेवढ्या पावसात झाड कुजतं. म्हणून हंगाम संपला की जुनी झाडं उपटून टाकायची. पावसाळ्याच्या तोंडावर परदेशातून मातृरोपं येतात, भिलार-वाईकडच्या रोपवाटिकांत आडोशाखाली त्यांची पिल्लं वाढवतात आणि पाऊस ओसरला की लावतात. तिकडे हिवाळा काढायचा, इकडे पावसाळा काढायचा. आडोसा तोच, ऋतू बदलला.

आणि पाचगणी. तिथे १८६० च्या दशकात जॉन चेसनने वसाहत उभी करताना ऑस्ट्रेलियाची सिल्व्हर ओक लावली, मेक्सिकोचं पॉइन्सेटिया लावलं. थंड देशांत पॉइन्सेटिया ही नाताळातली खिडकीतली कुंडी, रात्रभर बाहेर राहिली तर सकाळी काळी. पाचगणीच्या रस्त्यावर तिची कुंपणं आहेत. डिसेंबरात लाल होतात, आणि सहलीची पोरं ती पानं तोडून बाकावर टाकून जातात.

गेल्या वर्षी आम्ही सातवीची सहल लिंगमळ्याला नेली. धबधबा बघून झाला. मी चिनी कैद्यांची गोष्ट सांगितली. एका मुलीने विचारलं, "सर, ते सुटल्यावर बटाटे कोणी लावले?"

मी म्हटलं, गावातल्या लोकांनी. शिकले असतील त्यांच्याकडून.

"मग त्यांना पगार मिळायचा का?"

याचं उत्तर मी टाळलं. बसची वेळ झाली होती.

तासगावचा तो मुलगा आता स्वतः बाग बघतो. वडील थकले. मी शाळा बदलून कराडला आलो, त्यालाही बरीच वर्षं झाली, पण त्याचा नंबर माझ्याकडे आहे. थंडीची लाट आली की फजरला उठल्यावर मी मोबाइल बघतो. परवा पहाटे त्याचा फोटो होता. अंधार, मांडवाच्या तारा, खाली ओळीतून चमकणारं पाणी. खाली लिहिलं होतं: "सर, आज साडेतीनला लाइट आली. पाणी सोडलंय. शेकोटी नाही पेटवली, पोरगं झोपलंय."